क्लब बुडाला तर 'खेळाडू आणा' म्हणून ओरडणारे चाहतेही दोषी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की इंग्लंडमधला एखादा क्लब कर्जात बुडतो, ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (म्हणजे दिवाळखोरीच्या दारात, कारभार बाहेरून नेमलेल्या माणसाच्या हातात) जातो, गुण कापले जातात, खालच्या डिव्हिजनमध्ये जातो, आणि मग चाहते म्हणतात की मालकाने आमच्या क्लबची वाट लावली. पण हेच चाहते तीनचार वर्षं आधी स्टँडमधून 'पैसे खर्च करा, स्ट्रायकर आणा' म्हणून बोंबलत होते ना, मग थोडा दोष त्यांच्याही पदरात नको का टाकायला?

मी हिशेबाच्या बाजूचा माणूस आहे, बुडालेल्या कंपनीत कोणाला किती पैसे परत मिळणार याची यादी बनवण्याचं काम बरीच वर्षं केलंय आणि फुटबॉल क्लबांचे ताळेबंद तर आवडीनेच वाचतो. त्यामुळे उत्तर आधी सांगतो आणि मग कारणं देतो. जिथे चाहत्यांच्या हातात मत आहे तिथे हो, दोषाचा वाटा त्यांच्याकडे जातो आणि कधीकधी तो चांगला मोठा असतो. जिथे त्यांच्या हातात फक्त तिकीट आहे तिथे त्यांना दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

लीड्स युनायटेडचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातली मुख्य गोष्ट सोडून देतात. २०००-०१ मध्ये लीड्स चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, सेमीफायनलपर्यंत गेला, व्हॅलेन्सियाकडून हरला. त्याच सीझनमध्ये रिओ फर्डिनंडसाठी १ कोटी ८० लाख पौंड मोजले होते. पीटर रिड्सडेल चेअरमन होते, लोकांना ते आवडायचे, कारण खर्च चालू होता आणि टीम जिंकत होती. मग २००१ मध्ये क्लबने ६ कोटी पौंडांचं कर्ज उचललं, २५ वर्षांत फेडायचं. गणित असं होतं की चॅम्पियन्स लीग दर वर्षी मिळत राहील. ती मिळाली नाही, कारण तिथे जायला देशातल्या लीगमध्ये वरचा नंबर लागतो, आणि त्या वर्षी चौथा नंबर आला, पुढच्या वर्षी पाचवा. २००२ मध्ये फर्डिनंड मँचेस्टर युनायटेडला विकावा लागला, २००४ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे सगळ्यात वरची डिव्हिजन, हातची गेली आणि स्टेडियमही विकलं, २००७ मध्ये ॲडमिनिस्ट्रेशन आणि थेट तिसरी डिव्हिजन. परत वर यायला २०२० उजाडलं.

आता त्या ६ कोटींना तारण काय होतं ते बघा. पुढच्या २५ वर्षांची तिकीटविक्री. म्हणजे चाहते. पैसे देणाऱ्यांनी हिशेब केला की टीम हरो नाहीतर जिंको, ही माणसं येत राहणार, तिकीट काढत राहणार, तेव्हा यांच्या निष्ठेवर कर्ज द्यायला हरकत नाही. चाहते त्या व्यवहारात कर्ज घेणारे नव्हतेच, गहाण टाकलेली वस्तू होते, आणि कर्ज फिटलं नाही म्हणून गहाण वस्तूला कोणी जाब विचारत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण 'चाहत्यांचा दोष' म्हणणारे लोक नेमकं हेच उलटं करून बोलतात.

रेंजर्सचं तर याहून वाईट. मे २०११ मध्ये क्रेग व्हाइट यांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या या क्लबचे बहुसंख्य शेअर १ पौंडाला घेतले, अट अशी की बँकेचं कर्ज फेडायचं. ते फेडायला पैसा आला कुठून, तर टिकेटस नावाच्या कंपनीला येणाऱ्या सीझन्सची सीझन तिकिटं आगाऊ विकून, २ कोटी पौंडांहून जास्त. म्हणजे जो चाहता पुढच्या वर्षी तिकीट काढणार होता त्याचे पैसे आधीच खर्च झालेले होते, आणि हे त्याला माहीतच नव्हतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, पुढे जुनी कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे असेल ते विकून कायमची बंद. (२०१७ मध्ये ज्युरीने व्हाइट यांना या खरेदीतल्या फसवणुकीच्या आरोपातून निर्दोष सोडलं, तेही सांगायला पाहिजे.) नवीन कंपनीखाली टीम चौथ्या डिव्हिजनमधून सुरू झाली, आणि त्या सीझनला घरच्या मॅचेसना सरासरी ४५ हजारांवर लोक आले. चौथ्या डिव्हिजनला! या लोकांना कुठल्या तोंडाने म्हणायचं की तुम्हीपण जबाबदार आहात.

बरं, पण दबावाचं काय? दबाव खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. माइक ॲशली यांनी २००७ ते २०२१ न्यूकॅसल हा क्लब मालक म्हणून चालवला, क्लब काही दिवाळखोरीत गेला नाही, पण तिथला चाहता त्यांचं नाव काढलं की भडकायचा. बऱ्याच जणांची कारणं वाजवी होती, सगळा राग काही खरेदीवरून नव्हता. पण दुसऱ्या क्लबचा चेअरमन हे बघून काय शिकतो, तर हात आखडला की शिव्या, उधळला की टाळ्या. आणि टाळ्या सगळ्यांना आवडतात.

पण दबाव कुठून तयार होतो ते नीट बघितलं तर स्टँडमधला आवाज त्यात शेवटचा येतो. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, २४ क्लब आहेत आणि वर जाणार फक्त ३. वर गेलं की टीव्हीचा पैसा कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे प्रत्येक मालकाला वाटतं की अजून एक खेळाडू घेतला की झालं. २०१८-१९ मध्ये या डिव्हिजनमधल्या सगळ्या क्लबांचा मिळून पगारावरचा खर्च एकूण उत्पन्नाच्या १०७ टक्के होता. म्हणजे १०० पौंड आले तर १०७ नुसत्या पगारात गेले, लाइटबिल, प्रवास, व्याज, ट्रान्सफरचे हप्ते सगळं वेगळं. हा आकडा कुठल्या चाहत्याने ठरवला? प्रत्येक करारावर कोणीतरी सही केली, आणि सही करणाऱ्याला समोर हिशेब दिसत होता. ऋण काढून सण करायचा निर्णय बोर्डरूममध्ये झाला, स्टँडमध्ये फक्त त्या सणाचा आवाज झाला.

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. ब्रिटनच्या कंपनी कायद्यात डायरेक्टरची जबाबदारी कंपनीशी असते, आणि कंपनी वाचण्याची शक्यता उरलेली नाही हे कळूनही जो धंदा रेटत राहतो आणि देणी वाढवत बसतो त्याच्याकडून १९८६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली पैसे वसूल करता येतात. 'लोक ओरडत होते म्हणून मी केलं' हा बचाव त्यात कुठेच नाही, आणि तो असूही नये.

दुसरी गोष्ट माहितीची. समजा क्लबने २ कोटी पौंडांना खेळाडू घेतला, पाच वर्षांचा करार, आठवड्याला ६० हजार पौंड पगार. चाहत्याला काय दिसतं, तर गळ्यात स्कार्फ घातलेला फोटो. ताळेबंदात ते २ कोटी पाच वर्षांवर पसरतात, वर्षाला ४० लाख, त्यात पगाराचे साधारण ३१ लाख, म्हणजे हा एक माणूस क्लबला वर्षाला ७१ लाखांना पडतो, एजंटची फी आणि बोनस सोडून. त्यातून रोख पैसे बहुतेक वेळा हप्त्याने द्यायचे असतात, ते हप्ते कधी येणार हे चाहत्याला कोणी सांगत नाही. दोन वर्षांनी हाच खेळाडू १ कोटीला विकला तर बातमी येते '१ कोटी मिळाले', पण पुस्तकात तो अजून १ कोटी २० लाखांचा असतो, म्हणजे खात्यात २० लाखांचा तोटा. उलट स्वतःच्या अकादमीत, म्हणजे क्लबच्याच प्रशिक्षण शाळेत, घडलेला पोरगा विकला की पुस्तकात त्याची किंमत जवळजवळ शून्य, म्हणून आलेला सगळा पैसा नफा. म्हणून अडचणीतले क्लब आधी घरची पोरं विकतात. हे सगळं समजून मग ओरडा, अशी अपेक्षा शनिवारी दुपारी मॅच बघायला आलेल्या माणसाकडून कोणी करू शकत नाही.

आणि समजून घ्यायचं म्हटलं तरी उशीर ठरलेला. इंग्लंडमध्ये कंपन्यांचे हिशेब कंपनीज हाउसच्या साइटवर फुकट बघायला मिळतात, छान सोय आहे. पण प्रायव्हेट कंपनीला वर्ष संपल्यावर नऊ महिने मुदत असते. जूनअखेरचे हिशेब पुढच्या मार्चच्या शेवटी येतात. म्हणजे ज्या समरमध्ये उधळपट्टी झाली तिचा हिशेब हातात पडेपर्यंत जवळपास दोन सीझन संपत आलेले असतात.

आता जिथे मी चाहत्यांना सोडणार नाही ती जागा. बार्सिलोना. तिथे मालक कोणी शेख किंवा फंड नाही, क्लब सदस्यांचा आहे, लाखाच्या वर सदस्य, तेच अध्यक्ष निवडतात. २०१५ मध्ये त्यांनी जुसेप मारिया बार्तोमेऊ यांना निवडून दिलं. २०१७ मध्ये नेमार गेला, २२ कोटी २० लाख युरो आले, आणि ते हातात राहिले का, तर नाही. देंबेले, कुतिन्यो, मग २०१९ मध्ये ग्रीझमन, तिघेही १० कोटी युरोंच्या वरचे. ऑगस्ट २०२१ मध्ये नवे अध्यक्ष लापोर्ता यांनी सांगितलं की कर्ज १३५ कोटी युरो आहे आणि पगार उत्पन्नाच्या १०३ टक्के. त्याच महिन्यात मेस्सी गेला. कोरोनाने कंबरडं मोडलं हे खरं, पण मोडण्याइतकं ते आधीच वाकलेलं होतं.

इथे सदस्यांनी काय केलं ते महत्त्वाचं आहे. बार्तोमेऊंविरुद्ध अविश्वास ठरावाला २० हजारांवर सह्या मिळाल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ते मतदानाआधीच पायउतार झाले. छान. पण सह्यांची मोहीम जोरात कधी आली, तर जर्मनीच्या बायर्न म्युनिकने ८-२ ने धुतल्यावर आणि मेस्सीने जायचं म्हटल्यावर. पगाराचा डोंगर तर त्याआधी कित्येक वर्षं चढत होता आणि हिशेब दर वर्षी सदस्यांच्या सभेत मंजूर होत होते. पुढे जून २०२२ मध्ये सभेने लीगच्या टीव्ही हक्कातला २५ टक्क्यांपर्यंतचा वाटा विकायलाही परवानगी दिली, आणि मग तो २५ वर्षांसाठी विकला गेला. म्हणजे आज जो मुलगा शाळेत जातोय तो मोठा होऊन सदस्य होईल तेव्हा त्याच्या क्लबचं उत्पन्न आजच्या सदस्यांनी खाऊन टाकलेलं असेल. मत देऊन. त्यावर 'बोर्डाने फसवलं' एवढंच म्हणून सुटता येणार नाही. मत होतं, हिशेब समोर होते, आणि पुन्हा नवीन खेळाडू दिसणार होते म्हणून ते मत दिलं गेलं.

तसंच थोडं छोट्या प्रमाणावर एब्सफ्लीट युनायटेडचं. २००८ मध्ये मायफुटबॉलक्लब नावाच्या ग्रुपने इंटरनेटवरून माणशी ३५ पौंड वर्गणी गोळा करून तो क्लब घेतला, हजारो सदस्य, सगळं मतदानाने. नव्याची नवलाई संपली, वर्गणी भरणारे गळत गेले, आणि २०१३ मध्ये क्लब दुसऱ्याच्या हातात द्यावा लागला. तिथेही मी म्हणेन की मत घेऊन पसार झालेल्यांचा तो दोष होता.

आणि मत मिळाल्यावर चाहते शहाण्यासारखे वागतात याचंही उदाहरण आहे, पोर्ट्समथ. २००८ मध्ये एफए कप ही इंग्लंडची मोठी नॉकआउट स्पर्धा जिंकली, फेब्रुवारी २०१० मध्ये ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये जाणारा पहिला प्रीमियर लीग क्लब ठरला, त्या एका सीझनमध्ये मालक किती बदलले याची मोजदाद ठेवणं कठीण होतं. २०१२ मध्ये पुन्हा ॲडमिनिस्ट्रेशन. अशा वेळी जी यादी बनते ती एकदा प्रत्येकाने वाचायला पाहिजे. इंग्लिश फुटबॉलमध्ये नियम असा की खेळाडू आणि दुसरे क्लब यांचे पैसे पूर्ण द्यायचे, नाहीतर लीगमध्ये राहता येत नाही. बाकीचे सगळे नंतर. म्हणजे आठवड्याला हजारो पौंड घेणाऱ्याचा एक पेनी बुडत नाही आणि खाली प्रिंटर, केटरर, टॅक्सचं खातं असे रांगेत उभे. पोर्ट्समथच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स होती, म्हणजे मैदानावर प्रथमोपचार करणारी सेवाभावी संस्था, आणि २०१० च्या तडजोडीत अशा लोकांना पौंडामागे २० पेन्स देऊ केले गेले. मला त्या एका ओळीचा जितका राग येतो तितका कुठल्या ट्रान्सफरचा येत नाही.

एप्रिल २०१३ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने तो क्लब घेतला. दोन हजारांवर लोकांनी माणशी हजार हजार पौंड घातले, काहींनी ग्रुप करून. तेव्हा टीम चौथ्या डिव्हिजनमध्ये चालली होती. आणि हेच लोक, ज्यांना आपण 'खर्च करा म्हणून ओरडणारे' म्हणतो, त्यांनी दीडएक वर्षात जुनी देणी चुकती केली आणि २०१७ मध्ये लीग टू, म्हणजे तीच चौथी डिव्हिजन, जिंकली, अंथरुणाबाहेर पाय न काढता. मग त्याच वर्षी मोठ्या बहुमताने अमेरिकी उद्योजक मायकल आयझनर यांना क्लब विकायचा निर्णय घेतला. तो निर्णय मला स्वतःला तितकासा पटला नव्हता, पण तो त्यांचा होता आणि त्याचं बरंवाईटही त्यांचं. मतांनी घेतलेल्या जबाबदारीचा अर्थच तो.

आता कोणी म्हणेल की तिकीट काढणं हेही एक मतच आहे, मालक वाईट असेल तर जाऊ नका ना. ब्लॅकपूल क्लबच्या लोकांनी तेच केलं. मालक ऑइस्टन कुटुंबाविरुद्ध 'एक पेनीही नाही' म्हणत वर्षानुवर्षं घरच्या मॅचला गेले नाहीत, बाहेरच्या मैदानांवर जायचे पण स्वतःच्या नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरने, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याने, मालकांना बाजूला केलं आणि मार्चमध्ये १५ हजारांवर लोक एका दिवशी परत आले. जिंकले म्हणायचं. पण त्या काळात त्यांना काय ऐकावं लागलं, तर 'तुम्हीच क्लब मारताय'. म्हणजे गेलात तर मालकाला पोसता, नाही गेलात तर क्लबला मारता. दोन्ही बाजूंनी दोषी ठरवणारा हा न्याय मला मान्य नाही. आणि ब्लॅकपूलला मालकांचं राज्य संपवलं तेही रिकाम्या खुर्च्यांनी एकट्याने नाही, दुसऱ्या शेअरहोल्डरने कोर्टात जिंकलेल्या ३ कोटींवर पौंडांच्या निकालाने.

'बरी' नावाच्या क्लबच्या लोकांनी उलटं केलं. ऑगस्ट २०१९, स्टीव्ह डेल यांनी आधीच्या डिसेंबरात १ पौंडाला घेतलेला क्लब, टीम नुकतीच प्रमोट झालेली, आणि पैसे नाहीत. २७ तारखेला मुदत संपायची होती आणि त्याच दिवशी चाहते झाडू, ब्रश घेऊन गिग लेन या क्लबच्या स्टेडियमवर हजर, कारण खरेदीदार मिळाला तर शनिवारी मॅच होईल, स्टेडियम तयार पाहिजे. खरेदीदाराने माघार घेतली आणि रात्री लीगने १८८५ चा क्लब काढून टाकला. या लोकांनी प्रमोशन साजरं केलं, त्या टीमचे पगार झेपणारे नव्हते हे खरं आहे, पण ते पगार ठरवताना त्यांना कोणी विचारलं होतं?

तरी, मत नसलेल्या चाहत्यांचाही एक दोष मी धरतो आणि तो ओरडण्याचा नाही, न विचारण्याचा आहे. नवीन मालक आला की पहिल्या दिवशी त्याला डोक्यावर घ्यायचं, पैसा कुठला हे विचारणाऱ्या पत्रकाराला क्लबचा दुश्मन ठरवायचं, शंका काढणाऱ्या आपल्यातल्याच माणसाला 'तू खरा फॅन नाहीस' म्हणायचं. हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय आणि ते मालकांच्या पथ्यावर पडतं. डर्बी काउंटी या क्लबचे मालक मेल मॉरिस स्थानिक, स्वतः पक्के चाहते, त्यामुळे विश्वास आणखीनच. २०१८ मध्ये क्लबने आपलं स्टेडियम त्यांच्याच कंपनीला ८ कोटी पौंडांवर किमतीला विकलं आणि हिशेबात नफा दिसला. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲडमिनिस्ट्रेशन, एकूण २१ गुण गेले, टीम खाली. मालक आपल्यातलाच असला म्हणून प्रश्न कमी करायचे नसतात, उलट त्याचं मन क्लबमध्ये गुंतलेलं असल्यामुळे त्याच्या हातून जास्त जुगार होतो असं माझं मत आहे.

विचारायचं काय, तर फार काही नाही. कंपनीज हाउसवर क्लबचं नाव टाका. हिशेब वेळेवर आलेत का बघा, मुदत उलटून गेली असेल तर ती पहिली धोक्याची खूण. तारणाची नोंद बघा, कोणाकडे काय गहाण आहे ते तिथे दिसतं, ओळखीची बँक जाऊन त्या जागी न ऐकलेली फायनान्स कंपनी आली असेल तर का आली ते विचारा. ऑडिटरने धंदा चालू राहण्याबद्दल शंका नोंदवलीय का, ती शेवटच्या पानांवर गुळगुळीत भाषेत असते पण असते. आणि स्टेडियम क्लबच्या नावावर आहे का मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या. हे बघायला सीए असावं लागत नाही, एक संध्याकाळ लागते, आणि प्रत्येक क्लबच्या चाहत्यांत असा एकदोन हिशेब जाणणारा माणूस असतोच, त्याला बोलू द्या.

बाकी आता इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र रेग्युलेटर आलाय, मालकांची छाननी, क्लबांना लायसन्स, आणि काही गोष्टींत चाहत्यांचं म्हणणं ऐकणं बंधनकारक. बिल्ला, जर्सीचे रंग, स्टेडियम हलवणं यावर त्यांना बोलता येईल, आणि ते चांगलंच आहे. पण पगारावर किती उधळायचे हे अजूनही मालकच ठरवणार, त्यामुळे पुढचा क्लब त्या कारणाने बुडाला तर त्याचंही बिल मी मालकाच्याच नावावर फाडणार.